पान, पाणी आणि आपली चव

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी चहा-डेपोवर गेले की ठरलेले प्रश्न येतात. मामरी हवी की डस्ट? फॅमिली मिक्स की हॉटेल मिक्स? रंग किती चढावा आणि एका किलोत कप किती पडावेत, एवढ्यापुरते हे प्रश्न असतात. पान कुठल्या डोंगरावरचे, कुठल्या महिन्यात खुडलेले, खुडल्यावर त्याचे काय केले, हे आपण विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. सकाळ चहाने सुरू करणाऱ्या, पाहुण्याला चहा न देता सोडणे अपमानाचे मानणाऱ्या आपल्या समाजाला चहाच्या पानाची इतकी थोडी ओळख असावी, हे मला कित्येक वर्षे सलत आले आहे. हे पुस्तक त्यातून उभे राहिले.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. आले-वेलदोडा घालून दुधात उकळलेला चहा हलक्या प्रतीचा आणि जाणकार माणूस तो सोडून कोऱ्या चहाकडे वळतो, असे मी मानत नाही. दुधाचा उकळलेला चहा ही जगातल्या मोठ्या चहा-परंपरांपैकी एक आहे आणि ती आपल्या लोकांनी घडवली आहे. पण ती एकमेव नाही. ‘मला चहा आवडतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा दूध, साखर आणि आले यांचा एक ठरलेला मेळ आवडत असतो. त्यात पानाचा वाटा किती, हे तपासायची वेळच आलेली नसते. आवड पुष्कळशी सवयीने घडते. सवयीने घडलेली गोष्ट लक्ष देऊन वाढवता येते, हा या पुस्तकाचा मूळ विश्वास आहे.

नवख्या माणसाला चहाच्या जगात पहिला अडथळा नावांचा होतो. लाँगजिंग, सेंचा, ऊलाँग, प्युअर, दार्जिलिंग फर्स्ट फ्लश अशी यादी वाचली की ही शेकडो वेगवेगळी झाडे असावीत असे वाटते. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचाही दीर्घकाळ असाच समज होता. हिरवा चहा आणि काळा चहा दोन निराळ्या झाडांचा, असे ते धरून चालत. प्रत्यक्षात हे सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानापासून होते. एकाच दुधाचे दही होते, खवा होतो आणि छेनाही होतो, तसेच हे आहे. झाडाचे मुख्य वाण दोन : थंडी सोसणारा, लहान पानांचा चिनी वाण आणि उष्ण, दमट हवेत वाढणारा, मोठ्या पानांचा आसामी वाण. माती, उंची आणि हंगाम यांचा ठसा पानावर असतोच. पण प्रकार ठरतो तो खुडल्यानंतरच्या काही तासांत.

खुडलेले पान आधी कोमेजू देतात. मग ते वळतात, म्हणजे हाताने किंवा यंत्राने दाबून पिळतात. त्यात पानाच्या पेशी फुटतात, आतले रस हवेला लागतात आणि विकरांच्या क्रियेने पान तपकिरी होऊ लागते. हे ऑक्सिडीकरण कधी थांबवायचे, याच निर्णयावर चहाची बहुतेक कुळे उभी आहेत. खुडल्यावर लगेच उष्णता देऊन ते रोखले की हिरवा चहा होतो. चीनमध्ये त्यासाठी पान तापलेल्या कढईत परततात, म्हणून हांगचौच्या लाँगजिंगला भाजल्याचा खमंगपणा येतो; जपानमध्ये ते वाफवतात, म्हणून सेंचाला कोवळ्या पालेभाजीची आणि किंचित समुद्राची चव असते. पान फारसे न हाताळता नुसते कोमेजवून वाळवले की पांढरा चहा. फुजिएन प्रांतातला, लव असलेल्या कळ्यांचा ‘सिल्व्हर नीडल’ हा त्याचा नामांकित नमुना. हिरव्या चहासारखी उष्णता देऊन मग ओलसर असतानाच पान गुंडाळून ठेवले की त्याचा कच्चा हिरवेपणा उतरतो आणि दुर्मीळ असा पिवळा चहा तयार होतो. ऑक्सिडीकरण मध्यावर कुठेतरी थांबवले की ऊलाँग. या एका कुळातच फुलांच्या सुगंधाच्या तिएग्वानयिनपासून वुयी डोंगरातल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या गडद चहापर्यंत प्रचंड पल्ला आहे. ऑक्सिडीकरण पुरते होऊ दिले की काळा चहा. सहावे कूळ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने मुरवलेल्या गडद चहाचे. युनान प्रांतातला प्युअर त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या वड्या वर्षानुवर्षे साठवतात आणि काळाबरोबर त्यांची चव पालटत जाते. हे मुरणे लवकर घडवून आणण्याची रीत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. एवढा नकाशा मनात पक्का झाला, की पुढचे प्रत्येक नवे नाव कुठे ठेवायचे ते कळते.

चहाचा इतिहास म्हणजे पिण्याच्या पद्धती बदलत गेल्याचा इतिहास. आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू याने ‘चा जिंग’ हा चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी चहाच्या वड्या भाजून, कुटून पाण्यात उकळत आणि त्यात मीठ घालत. चहात कांदा, आले, पुदिना घालण्याच्या तत्कालीन प्रथेवर त्याने कडक टीका केली. म्हणजे शुद्ध पान की मसाला, हा वाद बाराशे वर्षांहून जुना आहे. पुढे सुंग काळात चहाची बारीक पूड वाडग्यात बांबूच्या काड्यांच्या घुसळणीने फेसाळण्याची रीत आली. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबारासाठी वड्यांचा चहा घेणे बंद करून सुटे पान मागवायला सुरुवात केली आणि किटलीत पान मुरवून पिण्याची आजची पद्धत रुळत गेली. चीनमध्ये मागे पडलेली घुसळण जपानने जपली. ११९१ मध्ये एइसाई हा भिक्षू चीनहून चहाचे बी घेऊन परतला. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू याने चहापानाला साधेपणाचे, एकाग्रतेचे शास्त्र दिले. आज शहरी कॅफेत हिरव्या दुधाळ रूपात मिळणारा माचा त्याच परंपरेतला आहे. त्याच्या झाडांना खुडणीपूर्वी काही आठवडे सावलीत ठेवतात; त्यामुळे पानात थिॲनिन हे द्रव्य टिकून राहते आणि कडूपणाच्या खाली एक भरीव गोडसर चव लागते.

भारतातली गोष्ट व्यापारी सत्तेशी जोडलेली आहे. आसामातल्या सिंगफो लोकांना चहाचे झाड आधीपासून माहीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला ते त्यांच्याच प्रदेशात दिसले. चीनवरचे अवलंबित्व कमी करायला ईस्ट इंडिया कंपनी उत्सुक होतीच. १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. स्वतःचे मळे उभे करणारे पहिले भारतीय मणिराम देवान यांना १८५७ च्या उठावातल्या सहभागाबद्दल १८५८ मध्ये फाशी दिले गेले. दार्जिलिंगमध्ये १८४० च्या दशकात चिनी वाणाची लागवड झाली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चोरून आणलेली रोपे आणि त्याने सोबत आणलेले चिनी कारागीर यांनी हिमालयातल्या मळ्यांना बळ दिले. मळ्यांवर राबायला छोटा नागपूर आणि मध्य भारतातून आदिवासी कुटुंबे नेली गेली. त्यांच्या हालअपेष्टांना वगळून चहाच्या चवीबद्दल बोलणे अपुरे ठरेल.

मराठी समाजात चहा आला तो वाद घेऊनच. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने ही बातमी नावांनिशी बाहेर आली आणि ख्रिस्त्यांकडच्या या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे संकट, आले. प्रायश्चित्ताचा प्रश्न शंकराचार्यांपर्यंत गेला. ज्या पेयावरून एवढे धर्मसंकट उभे राहिले, ते पुढच्या दोन-तीन पिढ्यांत घरोघर पोचले. १९३० च्या दशकात चहा उत्पादकांच्या मंडळाने रेल्वे स्थानकांवर, बाजारांत, जत्रांत चहाचा जोरदार प्रचार चालवला. त्यांची जाहिरातपत्रे पान किटलीत मुरवायला शिकवत होती. लोकांनी पान घेतले आणि रीत आपली बसवली : पातेल्यात दूध, पाणी, साखर, मसाला आणि पावडर एकत्र उकळायची.

या रीतीला यंत्राची साथ मिळाली. १९३० च्या दशकाच्या आरंभी आसामात सीटीसी यंत्र तयार झाले. दात असलेल्या रुळांतून पान चिरडले, फाडले आणि वळले जाते व त्याच्या गोळ्या होतात. त्यांनाच आपण मामरी म्हणतो. पान वळून त्याचा आकार राखणाऱ्या जुन्या पद्धतीला ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. सीटीसी झटकन उतरते, रंग दाट देते, थोडक्या पावडरीत जास्त कप देते आणि दुधाला पुरून उरते. त्याबदल्यात पानातले नाजूक सुगंध बरेचसे जातात. स्वातंत्र्यानंतर देशातला बहुतेक चहा सीटीसी झाला, आणि देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के देशातच प्यायला जाऊ लागला. स्वस्त आणि कडक चहा सगळ्यांना मिळाला, हे मोठेच झाले. आपल्याच देशातल्या उत्तम ऑर्थोडॉक्स चहाशी मात्र आपली गाठ पडली नाही. तो परदेशी जात राहिला.

चहा पिण्याच्या आजच्या पद्धतींकडे पाहिले तर ढोबळ मानाने पाच घराणी दिसतात. चिनी घराणे पान भरपूर आणि पाणी थोडे घेते, काही सेकंदांचे अनेक काढे काढते आणि एकाच पानाची चव वाटीगणिक कशी सरकते ते न्याहाळते. जपानी घराणे पाण्याच्या तापमानाबद्दल फार काटेकोर. ब्रिटिश घराणे मोठ्या किटलीत काळा चहा मुरवते आणि दूध वरून घालते; आपला इराणी चहा, ज्यात चहाचे पाणी आणि दाट दूध वेगळे तयार होऊन कपात भेटतात, याच्या जवळचा वाटतो. हिमालयी घराण्यात मीठ येते : लडाखचा लोणी घुसळलेला गुरगुर चहा, काश्मीरचा सोडा घालून तासभर उकळलेला, दुधाने गुलाबी होणारा नून चाय. पाचवे घराणे आपले उकळीचे. मुंबईची कटिंग, राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेले अमृततुल्य, गवती चहा आणि आले घातलेला घरचा चहा, गुळाचा चहा ही सगळी त्याची अंगे. गवती चहा म्हणजे खरे तर गवत. त्याचे, तुळशीचे किंवा कॅमोमाइलचे नुसते काढे चहाच्या झाडाचे नव्हेत, पण रात्री कॅफिन नको असणाऱ्यांसाठी त्यांना या पुस्तकात जागा दिली आहे.

घराबाहेर फार लांब न जाता किती चवी गाठता येतात, हे भारताच्या नकाशावरून कळते. आसामचा दुसऱ्या बहराचा, म्हणजे मे-जूनमधला चहा भरदार. त्याला भाजलेल्या धान्याचा गोडवा असतो. दार्जिलिंगचा पहिला बहर, म्हणजे फर्स्ट फ्लश, मार्च-एप्रिलमध्ये येतो. कपात फिका सोनेरी, नाकाला फुलांसारखा आणि जिभेवर किंचित तुरट. दुसऱ्या बहरात पिकलेल्या द्राक्षांचा सुगंध येतो. त्यात पानातला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा हात असतो : दंश झालेले झाड बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा ऊलाँगही असाच घडतो. आपल्याकडे कापसावरची कीड म्हणून ज्यांचे नाव घेतात, त्यांच्या कुळातले कीटक चहाला असे देणे देतात. निलगिरीचा चहा आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला. स्वच्छ, सुवासिक आणि थंड करून प्यायला उत्तम, कारण तो निवल्यावर गढुळत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिथे दहिवर पडते, तेव्हाचा चहा विशेष गोड असतो. कांगड्याचे मळे १९०५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. तिथला नाजूक हिरवा आणि काळा चहा आता पुन्हा ओळख मिळवतो आहे.

मग आपली चव शोधायची कशी? माझा सल्ला असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पान तेच ठेवून वेळ बदला; वेळ तीच ठेवून पान बदला; आणि दोन कप शेजारी ठेवून प्या. एकट्या कपाबद्दल बोलणे अवघड जाते, दोन कपांतला फरक मात्र कुणालाही कळतो. दीडशे-दोनशे मिलिलिटर पाण्याला दोन-तीन ग्रॅम पान पुरते. काळ्या चहाला खळखळते आधण आणि तीन ते चार मिनिटे. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश आणि दीड-दोन मिनिटे. ऊलाँगला या दोहोंच्या मधले. हिरवा चहा कडू म्हणून सोडून दिलेले अनेक जण भेटतात. त्यांच्या कपात बहुधा उकळते पाणी पडलेले असते. जास्त तापलेले पाणी तुरट द्रव्ये वेगाने ओढून काढते, गोडवा देणारे थिॲनिन मात्र कोमट पाण्यातही सहज उतरते. पाणीही पाहावे : बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट होतो, वर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि सुगंध दबतो. दूध घालण्याआधी एक घोट कोराच घ्यावा. दुधातली प्रथिने तुरटपणा बांधून ठेवतात. म्हणून कडक आसाम दुधात गोल आणि सुखद लागतो, पण पहिल्या बहराचा दार्जिलिंग दुधात हरवून जातो. आणि पान मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. ते आजूबाजूचा वास लगेच धरते.

चव सांगायला शब्द लागतात. लिलावासाठी चहा चाखणाऱ्या व्यावसायिकांची परिभाषा आहेच. परंतु मराठीची स्वतःची पुंजी त्याहून कमी नाही. तुरट, कडसर, उग्र, खमंग, मवाळ, भरीव, फुळकवणी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरांत वापरून धारदार झालेले आहेत. या पुस्तकात चवींची वर्णने शक्यतो याच पुंजीतून केली आहेत.

हे आत्ताच लिहायला हवे असे वाटले, त्याला कारण आहे. उत्तम पान पूर्वी फक्त निर्यातदारांना मिळत असे. आता मळ्याकडून थेट, शंभर ग्रॅमच्या पाकिटातही मागवता येते. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आता लहान शेतकरी पिकवतात, आणि त्यातले काही जण कारखान्याला पान विकण्याऐवजी स्वतः हाताने चहा करू लागले आहेत. दुसरीकडे दार्जिलिंगचे उत्पादन, जे एके काळी वर्षाला एक कोटी किलोच्या आसपास होते, ते पुष्कळ घसरले आहे. झाडे म्हातारी झाली आहेत, पावसाचा नेम राहिलेला नाही, कामगार मळे सोडून जात आहेत, आणि २००४ मध्ये भारतातले पहिले भौगोलिक मानांकन मिळूनही त्या नावाखाली दुसराच चहा खपतो. मळ्यावर पान खुडणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत आणि त्यांची मजुरी तुटपुंजी आहे. चहा केवळ रंग आणि कपांच्या हिशेबाने विकत घेतला जातो, तोवर चांगले पान खुडणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला जास्त मोल मिळायचे कारणच उरत नाही. पिणाऱ्याची जाण वाढणे हा या प्रश्नाचा सगळा उपाय नाही, पण त्यावाचून कुठलाही उपाय टिकणार नाही.

या पुस्तकाने स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. हे आरोग्याचे पुस्तक नाही. चहाने वजन उतरते किंवा रोग बरे होतात, असे दावे इथे सापडणार नाहीत. महागड्या चहाची यादीही इथे नाही, कारण किंमत दुर्मीळपणाची असते आणि आपली आवड तिच्या मागे जाईलच असे नाही. प्रयत्न आहे तो पानापासून कपापर्यंतची साखळी समजावून देण्याचा, आणि प्रत्येक टप्प्यावर वाचकाला घरच्या घरी करून पाहता येईल असे काही देण्याचा. गाळणी, झाकणाचे भांडे आणि घड्याळ एवढे साहित्य पुरे. प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. ज्याला दुधाचा चहाच अधिक चांगला करायचा आहे, त्याने तिथून सुरुवात करावी.

माझ्या आवडी पानोपानी डोकावतील, त्या लपवलेल्या नाहीत. पहिल्या बहराच्या दार्जिलिंगबद्दल मी जरा जास्तच जिव्हाळ्याने लिहिले आहे. एखाद्या वाचकाला तो फुळकवणी वाटेल आणि आसामचा कडक, दूध घातलेला कपच त्याला खरा चहा वाटत राहील. त्या कपात नेमके काय आवडते आणि का आवडते, हे त्याला दोन वाक्यांत सांगता आले, तर आमच्या मतभेदासकट हे पुस्तक सार्थकी लागले असे मी समजेन.